थाई सॅलडला पाणी सुटतं, वरची कुरकुरीत साल मऊ पडते: नेमकं बिघडतं कुठं?

तक्रार बहुतेक वेळा अशीच असते. कोवळ्या भाज्या आणल्या, थाई पद्धतीचं सॅलड केलं, लिंबू-गुळाचा आंबटगोड रस ओतला, वर मोसंबीच्या सालीचे तळलेले काप पसरले. ओट्यावर सगळं छान दिसत होतं. पाहुण्यांच्या हातात बशी जाईपर्यंत खाली पाणी साचलं आणि वरची साल चामट झाली. कुणाची साल सॅलडवर जायच्या आधीच लिबलिबीत असते, तर कुणाची कुरकुरीत होते पण तोंडात धरवत नाही इतकी कडू लागते.

शिमगा सरून चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाची तयारी सुरू झाली, की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी असा सगळीकडून हा प्रश्न मला विचारला जातो. आंब्याची डाळ आणि पन्हं तर करायचंच, जोडीला काहीतरी नवीन हवं असतं, आणि हे सॅलड त्या दिवसांना खरंच शोभतं. कैरी, काकडी, चवळीच्या शेंगा, गाजर, हंगामातले शेवटचे ओले मटार, कांद्याची पात असं सगळं आपल्या बाजारात एकाच वेळी मिळतं. म्हणून ते एकदा बिघडलं म्हणून सोडून देऊ नये असं मला मनापासून वाटतं. बिघाड शोधता येतो आणि तो दुरुस्तही होतो.

आधी एवढी चाचणी करा

तळलेल्या सालीतले चार-पाच काप वेगळ्या कोरड्या ताटलीत ठेवा आणि त्यांना सॅलडचा वारासुद्धा लागू देऊ नका. पंधरा-वीस मिनिटांनी एक काप मोडून बघा. कट्ट आवाज करून तुटला तर तुमची साल ठीक आहे आणि दोष खालच्या भाज्यांचा किंवा रसाचा आहे. ताटलीतलाच काप वाकला, तर सॅलडला बोल लावू नका. साल वाळवण्यात किंवा तळण्यात गडबड आहे. ही चाचणी न करताच लोक पुढच्या वेळी तेल जास्त तापवतात, साल करपवतात, आणि मूळ दुखणं तसंच राहतं.

साल ताटलीतच मऊ पडत असेल तर

जवळपास प्रत्येक वेळी कारण एकच असतं: साल आतून कोरडी व्हायच्या आधी बाहेरून रंगली. सालीत पाणी असतं आणि थोडी साखरही असते. तेल कडक तापलेलं असलं की साखर भराभर तांबूस होते, आपल्याला वाटतं झालं, आणि आपण झारा घालून काप बाहेर काढतो. आतलं पाणी मात्र तिथंच असतं. गार होताना ते बाहेरच्या कुरकुरीत थराकडे सरकतं आणि दहा मिनिटांत साल नरम पडते.

म्हणून तेल मध्यमपेक्षा कमीच ठेवायचं. थर्मामीटर असेल तर 140 ते 150 अंश सेल्सिअस. नसेल तर एक काप टाकून बघा. तो क्षणभर खाली जाऊन सावकाश वर यावा आणि त्याच्याभोवती बारीक, शांत बुडबुडे यावेत. चुरचुर आवाज करत काप लगेच नाचायला लागला तर तेल जास्त तापलंय; गॅस बंद करून थोडं थांबा. थायलंडमध्ये सॅलडवर घालायचा बारीक कांदा तळतात तोही असाच, मंद आचेवर, धीरानं.

काढायची खूण रंगावर ठरवू नका, बुडबुड्यांवर ठरवा. बुडबुडे म्हणजे सालीतून निघणारी वाफ. ते विरळ होऊन जवळजवळ थांबले, की पाणी संपलं. त्या वेळी रंग फिकट सोनेरीच असायला हवा, कारण बाहेर काढल्यावरही तो एक छटा गडद होतो. काप कागदावर एकमेकांपासून सुटे पसरा. ढीग केलात तर खालच्यांची वाफ वरच्यांना लागते.

तळण्याच्या आधीचं काम तर त्याहून महत्त्वाचं आहे आणि आपल्याकडच्या बायकांना ते शिकवावं लागत नाही. चैत्रात गच्चीवर सांडगी मिरची वाळत घालणाऱ्या घरात साल कशी वाळवायची हे का सांगायचं? उकळत्या पाण्यातून काढलेले सालीचे काप (ते कसं, ते खाली कडूपणाच्या भागात आहे) पंच्यावर पसरा, वरून दुसऱ्या पंच्यानं टिपून घ्या आणि तासभर उन्हात ठेवा. मार्च-एप्रिलचं दुपारचं ऊन असेल तर तेवढं पुरतं. ऊन नसेल तर पंख्याखाली दोन तास. काप कडकडीत वाळवू नका. तसे वाळलेले काप तेलात पडताच करपतात आणि खाताना दातांना टोचतात. बाहेरून कोरडे आणि तरीही वाकतील इतपत हवेत.

मग त्यांवर तांदळाचं पीठ भुरभुरवा. दोन चमचे तांदळाच्या पिठात एक चमचा कॉर्नफ्लोअर मिसळलं तर आवरण हलकं बसतं. घरात बेळगावी बासमतीची कणी असेल तर तीच बारीक दळा. वासही छान येतो. पीठ लावल्यावर काप चाळणीत झटकायचे, हे विसरू नका. राहिलेलं सुटं पीठ तेलात जळतं आणि तीच कडू, काळी पूड पुढच्या घाण्याच्या कापांना चिकटते.

हवेचाही हिशेब धरा. अथणी-रायबागकडच्या कोरड्या हवेत तळलेली साल संध्याकाळपर्यंत कुरकुरीत राहते. घाटालगतच्या खानापुरात, किंवा बेळगावात वळवाचा पाऊस पडून गेलेल्या दिवशी, तीच साल उघड्यावर अर्धा तासही टिकत नाही. अथणीच्या नणंदेची साल छान झाली आणि माझी नाही, असं कुणी म्हणालं की मी आधी हवा कशी होती ते विचारते. दमट दिवशी साल पूर्ण गार झाल्या झाल्या घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात घाला, तळाशी कोरडा कागद ठेवा. कोमट असताना डबा लावला तर झाकणाला आतून घाम येतो आणि केलेलं सगळं वाया जातं. वरून पिठीसाखर भुरभुरायची हौस असेल तर ती फक्त कोरड्या दिवसांत करा, कारण साखर हवेतलं पाणी ओढते. मीठही तेच करतं, म्हणून तेही वाढायच्या वेळीच.

साल कडू होत असेल तर

कडूपणा दोन प्रकारचा असतो आणि दोन्हींचा इलाज वेगळा. तोंडात घातल्याबरोबर जळका वास आणि चरचरीत कडू चव आली, तर साल करपली आहे. वर सांगितलं तसं तेल कमी तापवा. सुरुवातीला बरी लागून मागाहून जिभेच्या मुळाशी कडवट चव रेंगाळली, तर ती सालीच्या आतल्या पांढऱ्या गराची. सुगंधाचं तेल वरच्या रंगीत भागात असतं, पांढऱ्या भागात जवळपास फक्त कडूपणा.

साल सोलाण्यानं हलक्या हातानं काढा. मग तिची पांढरी बाजू वर करून पाटावर सपाट ठेवा आणि धारदार सुरी आडवी धरून तो पांढरा थर खरवडा. बाजू जवळजवळ पारदर्शक दिसू लागली की थांबा. हे काम सावकाश होतं. एका मोसंबीला पाच-सात मिनिटं लागली तरी घाई करू नका, कारण इथं राहून गेलेलं पुढं कशानंच निघत नाही. मग काडेपेटीच्या काडीएवढे बारीक काप करा, उकळत्या पाण्यात मिनिटभर टाका, पाणी फेकून द्या. नवीन पाणी उकळून पुन्हा तसंच. मोसंबीला दोन पाणी पुरतात, लिंबाच्या सालीला तीन लागतात. तेच पाणी पुन्हा वापरलं तर कडूपणा त्यातच फिरत राहतो.

फळ कोणतं घ्यायचं यावरही बरंच अवलंबून आहे. मोसंबीची साल फळाला घट्ट चिकटलेली असते, त्यामुळं सोलाणं सरळ चालतं. पहिल्यांदा करणाऱ्यांनी मोसंबीच घ्यावी. नागपुरी संत्र्याचा मृग बहार फेब्रुवारी-मार्चात बाजारात असतो, वासही सुंदर, पण साल सैल असल्यामुळं सोलाणं घसरतं. ती हातानं सोलून मग आतून खरवडावी. कागदी लिंबाच्या सालीला सगळ्यात जास्त सुगंध आणि सगळ्यात जास्त कडूपणा, म्हणून ती थोडीच मिसळायची. स्टिकर लावलेली चकचकीत परदेशी संत्री आणली असतील तर त्यांवर मेणाचा थर असतो. गरम पाण्यात घासून धुतल्याशिवाय साल काढू नका.

साल कुरकुरीत आहे, पण सॅलडवर पडताच मऊ होते

आता भाज्यांकडे या. काकडीत सुमारे 95 टक्के पाणी असतं. तिला मीठ लागलं की ते पाणी बाहेर ओढलं जातं, गुळानंही तेच होतं, आणि थाई रसात दोन्ही भरपूर असतात. कोशिंबिरीला पाणी सुटलं तर दही किंवा दाण्याचं कूट सावरून घेतं. इथं सावरायला काही नाही.

काकडी कोवळी घ्या. भाजी मार्केटात सकाळी सकाळी खेड्यातून आलेली बाई टोपलीवरचा ओला कपडा बाजूला करून कानडीत म्हणते, "एळे सौतेकाई ऐती, तगोरी अक्का," म्हणजे कोवळी काकडी आहे, घ्या अक्का, ती कोवळी जवारी (गावठी) काकडी. नखानं टोचली तर सालीतून टपकन पाण्याचा थेंब येतो आणि आत बिया अजून धरलेल्या नसतात. जून काकडी असेल तर उभी चिरून चमच्यानं बियांचा मऊ गर काढून टाका. पाण्याचा मोठा वाटा तिथंच असतो. काप करून चिमूटभर मीठ लावा, चाळणीत पंधरा मिनिटं निथळू द्या, मग पंच्यात धरून हलकं पिळा. एवढं केलं की नंतर रसातलं मीठ थोडं कमी करायचं, हेही लक्षात ठेवा.

टोमॅटो घालणार असाल तर बिया काढूनच. गाजर, कैरी आणि मुळा यांचे लांब काप बर्फाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवले की ताठ आणि करकरीत होतात. पण तिथून काढून तसेच ओले भांड्यात टाकले तर ते सगळं पाणी सॅलडमध्येच जाणार. चवळीच्या शेंगा आणि मटार उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटं, लगेच गार पाण्यात, मग पंच्यावर. कोथिंबीर-पुदिना धुतल्यावर पानांवर पाणी दिसतं तोवर वापरू नका. माझ्या पाहण्यात बहुतेक घरांत सॅलडचं अर्धं पाणी धुण्याचंच असतं. भाज्या सोसत नाहीत असं आपण म्हणतो, पण त्या निथळायच्या आधीच आपण त्यांना भांड्यात घातलेलं असतं.

रस कसा असावा आणि कधी घालावा

चौघांसाठी तीन मोठे चमचे कागदी लिंबाचा रस, दोन मोठे चमचे फिश सॉस, दीड मोठा चमचा किसलेला गूळ, दोन लसूण पाकळ्या आणि सोसतील तेवढ्या लवंगी मिरच्या. मोठा चमचा म्हणजे 15 मिली. आपलं कागदी लिंबू आणि थायलंडमध्ये सॅलडला वापरतात ते लिंबू एकाच जातीचं, त्यामुळं तिथं काही अडत नाही. सॅलडमध्ये कैरी असेल तर लिंबू दोन चमच्यांवर आणा.

फिश सॉस म्हणजे बारीक मासळी आणि मीठ कित्येक महिने आंबवून काढलेला अर्क. हळदीकुंकवाला तो चालणार नाही. त्याऐवजी दीड मोठा चमचा फिका सोया सॉस आणि पाव छोटा चमचा मीठ घ्या. चव अगदी तीच येत नाही, पण खारट-खमंग बाजू भरून निघते. मूळ पद्धतीत ताडाचा किंवा माडाचा गूळ वापरतात. गोव्याहून कुणी माडाचा गूळ आणून दिला तर फारच उत्तम. नाहीतर आपला उसाचा गूळ चालतो, मात्र रंगानं गडद आणि चवीला खारट नसलेला बघून घ्या. खारट गुळाचा रस कितीही लिंबू घातलं तरी जुळत नाही.

लसूण, मिरची आणि थोडा गूळ खलबत्त्यात ठेचा. थायलंडमधलं सोम तम, म्हणजे कच्च्या पपईचं सॅलड, मातीच्या उखळीत लाकडी मुसळीनंच करतात, आणि त्याला कारण आहे. ठेचल्यानं मिरची-लसणाचा रस गुळात मुरतो. मिक्सरमध्ये सगळं एकजीव होऊन पाणचट होतं. दारातल्या गवती चहाचा खालचा पांढरा दांडा बारीक चिरून त्याच खलबत्त्यात घातलात तर वास थेट त्या दिशेला जातो. लिंबाचं कोवळं पान, मधली शीर काढून केसासारखं बारीक कापून, तेही चालेल.

आता वेळेचं. भेळ कधी कालवायची हे आपल्याला कुणी सांगावं लागत नाही. तोच नियम इथं लावा. रस वेगळ्या वाटीत, भाज्या कोरड्या आणि गार, साल डब्यात. वाढायच्या आधी पाच मिनिटं भाज्यांवर निम्मा रस घालून हातानं हलकं कालवा. चव बघून उरलेला घाला. बऱ्याचदा तो सगळा लागतच नाही. भांड्याच्या तळाशी रस साचलेला दिसला तर बशीत घेताना चिमट्यानं उचलून घ्या, चमच्यानं खरवडून नको. लवकर कालवण्याचा आणखी एक तोटा म्हणजे आंबट रसात मटार आणि शेंगांचा हिरवा रंग अर्ध्या तासात मळकट होतो.

साल भाज्यांत कालवू नका. बशी हातात द्यायच्या क्षणी वर घाला, तीही मध्यभागी उंच ढिगासारखी, म्हणजे खालचे थोडे काप ओले झाले तरी वरचे कोरडे राहतात. तिच्या आणि भाज्यांच्या मध्ये भाजलेल्या शेंगदाण्यांचा जाडसर भरडा पसरलात तर तो ओल अडवतो.

सगळं करूनही पाणी सुटतंच

अशा वेळी थायलंडच्या ईशान्य भागातला एक उपाय करा. तिथं खाओ खुआ नावाची पूड करतात: चिकट तांदूळ कोरड्या कढईत बदामी होईपर्यंत सावकाश भाजायचा आणि जाडसर भरडायचा. ती मांसाच्या लाब नावाच्या पदार्थात घालतात. त्यानं वास तर येतोच, शिवाय ती सुटलेला रस धरून ठेवते. आपल्याकडे चिकट तांदूळ सहज मिळत नाही, पण साध्या तांदळाची कणी भाजून भरडली तरी काम होतं. कढईत हात सतत हलता ठेवा. आठ-दहा मिनिटांत खमंग वास सुटेल. चौघांच्या सॅलडला एक ते दीड मोठा चमचा, रसाबरोबरच. जास्त घातली तर दातांखाली कचकच लागते.

हळदीकुंकवाला दोन-तीन तास बायका येत-जात असतील तर एकदम मोठं भांडं कालवू नका. दरवेळी सहा-आठ बशांपुरतं कालवा. भाज्या फ्रीजमध्ये ओल्या पंच्याखाली नको, कोरड्या पंच्यात गुंडाळून ठेवा. साल आदल्या दिवशी तळून ठेवायची असेल तर हवा कोरडी आहे ना ते बघा, आणि वाढायच्या आधी मंद ओव्हनमध्ये किंवा गरम तव्यावर चाळणी ठेवून पाच मिनिटं कोरडी करून घ्या. पूर्ण गार झाली की पुन्हा कट्ट आवाज येतो. पांढरा गर राहिल्यामुळं कडू झालेली साल मात्र अशी सुधारत नाही. ती टाकून नवीन करा.

कालवलेलं सॅलड उरलं तर दुसऱ्या दिवशी सॅलड म्हणून वाढू नका. चाळणीत रस गाळून टाका, भाज्या तेलात लसणाबरोबर कडक आचेवर दोन मिनिटं परता आणि उरलेल्या भातात घाला. काकडी तेवढी आधी वेचून काढा.